रजिस्ट्री झाली, कब्जा कधी?

घराच्या जवळजवळ प्रत्येक खरेदीखतात शेवटाकडे एक वाक्य असते : सदर मिळकतीचा प्रत्यक्ष व शांततेचा कब्जा आज रोजी खरेदीदारास दिला आहे. हे वाक्य एका मसुद्यातून दुसऱ्या मसुद्यात उतरत जाते आणि सही करताना ते कोणी मोठ्याने वाचत नाही. सही होते त्या दिवशी त्या घरात पुष्कळदा विकणाऱ्याची माणसे राहत असतात, भाडेकरूचा संसार मांडलेला असतो, किंवा दाराला कुणाचे तरी कुलूप असते. आयुष्याची कमाई देऊन घेतलेल्या घराचा कागद एका खोट्या वाक्याने संपतो, आणि ते वाक्य खोटे आहे हे पुढे सिद्ध करायचे ओझे सही करणाऱ्यावरच येते.

चंद्रपूर-गडचिरोलीकडे घराच्या व्यवहाराचे तीन टप्पे सगळ्यांच्या तोंडी असतात : इसार, रजिस्ट्री, कब्जा. त्यांचा क्रम काय असावा आणि घर नेमके कधी आपले होते, यावर मामा-भाचीचा हा वाद आहे. मामा दुय्यम निबंधक कार्यालयातून निवृत्त झालेले. भाची धानोरा तालुक्यात ग्रामसभांसोबत काम करते आणि गडचिरोलीत चामोर्शी रस्त्याकडे एक जुने घर घेत आहे. दोघांची नावे देत नाही. या दोन्ही बाजूंची माणसे इथे घरोघरी आहेत.

भाची : मामाजी, मसुदा आणला आहे. पण आधीच सांगते, बुधवारी मी यावर सही करणार नाही.

मामा : काहून? बँकेचं कर्ज मंजूर, चलन भरलं, वेळ घेतलेली. राहिलं काय?

भाची : घर रिकामं व्हायचं राहिलं. मागच्या दोन खोल्यांत भाडेकरू आहे. घरमालक म्हणतो, त्याच्या मुलांच्या परीक्षा झाल्या की तो जाईल. रजिस्ट्री आता करून घ्या, किल्ली एप्रिलमध्ये. पैसे मात्र त्याला बुधवारीच पूर्ण पाहिजेत.

मामा : मग त्यात भिण्यासारखं काय? कायद्यानं घर बुधवारी तुझं होते. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे, त्याचं कलम ५४ वाच. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानंच होते. नोटरीच्या शिक्क्यानं होत नाही, किल्ली हातात आली म्हणूनही होत नाही. लोक आमच्या खिडकीवर स्टॅम्प पेपर घेऊन यायचे. म्हणायचे, साहेब, सगळे पैसे दिले, वीस वर्षं राहून राहिलो, आता नाव लावून द्या. मूळ मालक मेलेला, त्याची मुलं ओळख दाखवत नाहीत. मी काय देणार? २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सूरज लँपच्या निकालात सांगून टाकलं की मुखत्यारपत्र आणि करारनाम्याच्या जोडीनं केलेली विक्री ही विक्रीच नाही. ज्यांच्याजवळ फक्त कब्जा होता ते हवालदिल झालेले मी पाहिले आहेत. रजिस्ट्रीचा कागद हातात असेल तर कब्जा आज ना उद्या मिळतेच.

भाची : उद्या म्हणजे कधी? भाडेकरू निघाला नाही तर दावा लावावा लागेल. तोवर हप्ता बँकेला आणि भाडं मी जिथं राहते तिथल्या घरमालकाला, दोन्ही माझ्याच पगारातून. आणि तुम्ही ज्या कायद्याचं कलम ५४ सांगता, त्याचंच कलम ३ मी वाचलं. त्यात म्हटलं आहे की मिळकतीत जो प्रत्यक्ष राहतो त्याचा जो काही हक्क असेल तो घेणाऱ्याला माहीत होता, असंच धरलं जाईल. म्हणजे मी उद्या कोर्टात म्हणू शकत नाही की मला भाडेकरूची खबर नव्हती. घर विकलं म्हणून भाडेकरू आपोआप निघत नाही. तो माझा भाडेकरू होतो. मी रिकामं घर घ्यायला निघाले आणि हाती आली घरमालकी.

मामा : भाडेकरू भला माणूस आहे म्हणतात.

भाची : असेलही. त्याला मी अजून भेटले नाही. पण त्यानं आगाऊ किती दिले आहेत, करार कधीपर्यंतचा आहे, मालकानं त्याला तोंडी काय कबूल केलं आहे, हे या मसुद्यात कुठं आहे? मसुद्यात तर लिहिलं आहे की कब्जा आज दिला. तुमच्या कार्यालयात हे वाक्य कधी कुणी तपासलं?

मामा : (थोडे थांबून) नाही. ते आमचं कामच नव्हतं. लिहून देणारा समोर आहे का, दस्त आपणच लिहून दिला असं कबूल करते का, दोन माणसं त्याला ओळखतात का, मुद्रांक पुरेसा लागला का, एवढं पाहायचं. फोटो, अंगठा, सही, झाली नोंदणी. मालकीचा निवाडा निबंधक करत नाही आणि घर पाहायला तर तो जातच नाही.

मामांच्या या कबुलीवर मला क्षणभर थांबावेसे वाटते. आपल्याकडे नोंदणी ही दस्ताची होते, मालकीची नाही. अमुक माणसाने तमुक दिवशी असे लिहून दिले, एवढ्याचीच सरकार साक्ष ठेवते. फेरफारही तसाच. तलाठ्याकडे किंवा नगर भूमापनाकडे नाव चढले म्हणजे कर कोणाकडून घ्यायचा ते ठरले. त्याने मालकी निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. आणि तरीही आपली जुनी महसुली रीत याबाबतीत शहाणी होती. सात-बारा हा एकच कागद, पण त्यात दोन नमुने आहेत. नमुना सातमध्ये हक्क कुणाचा ते लिहिलेले, नमुना बारामध्ये त्या हंगामात शेतात प्रत्यक्ष काय उभे आहे त्याची पाहणी. हक्काबरोबर जागेवर जाऊन पाहणे हे शेतीसाठी नियमाने ठरलेले होते. गावातल्या किंवा शहरातल्या घराच्या मिळकत पत्रिकेला असा बारा नंबर नाही. आत कोण राहते हे पाहायला दरवर्षी कोणी येत नाही. ती पाहणी घेणाऱ्याने स्वतः करायची असते, आणि नेमकी तीच राहून जाते.

भाची : मी जिथं काम करते तिथं मामाजी, कागद मागून येते. आधी माणूस असते, त्याचं घर असते, नांगर असते. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलजमीन प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे त्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळते. पुरावा कशाचा चालते? गावातल्या म्हाताऱ्यांचं लिहून घेतलेलं सांगणं, जुनी विहीर, पूर्वजांना पुरलेली जागा, घराच्या खुणा. ज्यांना दीडशे वर्षं अतिक्रमक म्हटलं त्यांना कायद्यानं सांगितलं की तुमचा कब्जा हाच तुमचा हक्क. पट्टाही नवरा-बायको दोघांच्या नावे. हे मी डोळ्यांनी पाहिलं. मला कोणी सांगितलं की कब्जा म्हणजे काही नाही, तर कसं पटेल?

मामा : आता तू माझं ऐक. तो पट्टा विकता येते का?

भाची : नाही. वारसाला जाते. विकता येत नाही.

मामा : हेच तर मी म्हणून राहिलो. राहायचा हक्क वेगळा आणि विकायचा वेगळा. तुझ्या घरमालकाला राहायचा हक्क असेल, पण विकायचा आहे का, हे फक्त कागद सांगते. या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा दहापट मोठा आहे. झुडपी जंगल आठव. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, जुन्या मध्य प्रांताच्या दप्तरात खुरटी झुडपं असलेल्या पडीत जमिनींना झुडपी जंगल लिहिलेलं. त्यावर पुढं वस्त्या झाल्या, शाळा, कचेऱ्या झाल्या. लोक पिढीभर राहिले, कर भरला. आणि २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की झुडपी जंगल हे वनसंवर्धन कायद्यासाठी वनच आहे.

भाची : पण त्याच निकालात जुन्या वाटपांना वाट काढून दिली आहे ना? १२ डिसेंबर १९९६ च्या आधी सक्षम अधिकाऱ्यानं दिलेल्या जमिनी नियमित करायला राज्यानं केंद्राकडं प्रस्ताव द्यायचा.

मामा : दिली आहे, आणि ते बरं झालं. घरं पाडणं हा न्याय झाला नसता. पण त्या वाटेनं जायला काय लागते? १९९६ च्या आधीच्या वाटपाचा कागद! ज्याच्याजवळ तो जपून ठेवलेला आहे तो तरेल. ज्याच्याजवळ फक्त कब्जा आहे तो रांगेत मागं उभा राहील. आणि अशा जागेवरचं घर तू आज विकत घेतलंस तर बँक, नगर परिषद, वनखातं, सगळ्यांकडं तूच जाशील. विकणारा पैसे घेऊन नागपूरला गेलेला असेल.

दोन्ही डिसेंबर मला फार अर्थपूर्ण वाटतात. १९९६ चा डिसेंबर हा गोदावर्मन खटल्यातल्या आदेशाचा. त्या दिवसापासून नोंद काहीही असो, जे शब्दशः वन आहे ते वन मानायचे ठरले. २००५ चा डिसेंबर हा वनहक्कांचा. एक तारीख जमिनीच्या बाजूने उभी आहे, दुसरी माणसाच्या. या दोन जिल्ह्यांत बाहेरून बदली होऊन आलेला शिक्षक, वनरक्षक, परिचारिका घर घ्यायला निघतात तेव्हा या दोन्ही तारखा त्यांच्या प्लॉटखालून जात असू शकतात, आणि दलालाच्या तोंडून त्यांतली एकही ऐकायला मिळत नाही.

भाची : माझा प्लॉट झुडपीत नाही. तुम्हीच पाहिलं.

मामा : पाहिलं. १९८२ मध्ये जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, भोवतालच्या शेतांचे ले-आऊट पडत गेले. तुझा त्यांतलाच. अकृषिक आदेश आहे, मंजूर नकाशा आहे. पण मी त्याच्याही मागं गेलो. ते शेत मूळ कुणाचं होतं?

भाची : ते मात्र मीच तुम्हाला सांगितलं होतं पाहायला.

मामा : होय, आणि बरं केलंस. महसूल संहितेचं कलम ३६-अ. ६ जुलै १९७४ नंतर आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते, आणि कायमच्या विक्रीला शासनाची मान्यताही. अनुसूचित क्षेत्रात वरून ग्रामसभेची संमती. ती नसेल तर रजिस्ट्री झालेली असूनही जमीन मूळ आदिवासीकडं परत जाऊ शकते. मधल्या काळात त्यावर ले-आऊट पडला, अकृषिक झाली, तिघा-चौघांनी विकली, म्हणून दोष धुऊन निघत नाही. बघ, इथं तुझा कब्जाही कामाचा नाही आणि माझी रजिस्ट्रीही नाही.

भाची : आणि ते तसंच असायला पाहिजे. ही अट घर घेणाऱ्याला त्रास देण्यासाठी नाही. दारूच्या उधारीत, सावकाराच्या व्याजात, लग्नाच्या खर्चात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यासाठी आहे. मेंढा गावात तर त्याहून पुढं गेले. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०१३ मध्ये सगळ्या गावानं आपल्या खासगी जमिनीही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या केल्या. देवाजी तोफांच्या त्या गावात जा आणि विचारा, हे शेत केवढ्याला देता? विकायला कोणी मालकच नाही. कसणारं कुटुंब आहे, मालकी गावाची. मामाजी, तुमच्या कार्यालयाला तिथं काम नाही, आणि तरी कोण कुठं राहते, कुणाचा बांध कुठवर, यावर वाद नाही. सगळ्यांना सगळं माहीत आहे.

मामा : लहान गावात जमते ते. गडचिरोली शहरात तुझ्या शेजाऱ्याला तुझं नाव माहीत नसेल. जिथं माणसं एकमेकांना ओळखत नाहीत तिथं ओळखीचं काम कागदाला करावं लागते.

भाची : मान्य. पण शहरातही कागद सगळं ओळखत नाही. विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावानं घर होतं. वडील गेले, वारस फेरफार झाला, तीन भावांची नावं चढली. मी विचारलं, बहीण नाही का तुम्हाला? म्हणे आहे एक, सिरोंच्याला दिली. तिचं नाव कुठंच नाही.

मामा : (बसल्या जागी सरळ होऊन) हे तू मला आधी काहून नाही सांगितलं? १९५६ च्या वारसा कायद्यापासून लेक ही मुलाच्या बरोबरीची वारस आहे. तिचं हक्कसोडपत्र पाहिजे, नोंदणीकृत. नाही तर तिला खरेदीखतावर लिहून देणार म्हणून सही करायला बोलव.

भाची : झालं आहे. गेल्या महिन्यात ती येऊन हक्कसोड करून गेली. प्रत बँकेकडं आहे. पण मला तो दिवस आठवते. ना ती कागदावर होती, ना घरात होती, आणि तरी घरात तिचा हिस्सा होता. आपण दोघं इतका वेळ भांडून राहिलो, कागद मोठा की कब्जा, आणि ती बाई दोन्हीकडं नव्हती.

या बहिणीसाठी हा लेख लिहिण्याजोगा आहे, असे मला वाटते. व्यवहाराच्या घाईत तिला बोलावणे हे कायदेशीर सोपस्कार म्हणून केले जाते. खरे तर विकणाऱ्या कुटुंबाकडून तिला बहुधा पहिल्यांदाच सांगितले जाते की तुझाही यात वाटा होता. घेणाऱ्याने निदान एवढे पाहावे की ती सही करते तेव्हा कशावर करते हे तिला वाचून दाखवले आहे, आणि काही मोबदला ठरला असेल तर तो तिच्याच खात्यात गेला आहे.

मामा : आता मी तुला कब्जाचा धोका सांगतो. चंद्रपुरात माझ्या पुतण्यानं नवा फ्लॅट घेतला. बिल्डर म्हणाला, रंगरंगोटी करून घ्या, किल्ली घ्या, राहायला या. भोगवटा प्रमाणपत्र मात्र आलेलं नव्हतं. त्याला वाटलं, कब्जा मिळाला, जिंकलो. तुझ्यासारखंच. नळजोडणी अडली, कर लावताना अडचण आली, बिल्डर फोन उचलेना. रेरा कायद्यानं मोठ्या प्रकल्पांत बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीकृत करारनाम्याशिवाय घेता येत नाही. इमारतीतल्या बांधकामाच्या दोषाची जबाबदारी कब्जा दिल्यापासून पाच वर्षं त्याच्यावर राहते. पण प्रमाणपत्राआधी किल्ली घेतली की घेणाराच अडकते आणि बिल्डर बेफिकीर होऊन जाते. म्हणून घाईचा कब्जा उशिराच्या कब्जाइतकाच वाईट.

भाची : हे खरं आहे. मी कब्जा म्हणते तेव्हा नुसती किल्ली नाही म्हणत. पावसाळ्यात जाऊन पाहिलेलं घर म्हणते. चंद्रपुरात इरईचं पाणी रहमतनगरकडच्या वस्तीत शिरते हे सगळ्यांना माहीत, आणि उन्हाळ्यात कोरडी जमीन पाहून लोक तिथंच प्लॉट घेतात. पाटबंधारे खात्याची निळी रेषा आहे, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाची. नकाशा मागितला तर मिळते. घुग्घुसला २०२२ च्या ऑगस्टमध्ये अमराई वॉर्डात एक घर जमिनीत गेलं, खाली जुनी कोळसा खाण. त्या घराच्या कुठल्या कागदात खाण होती?

मामा : कागदात नव्हती, गावातल्या जुन्या लोकांच्या आठवणीत असेल.

भाची : म्हणूनच म्हणते, शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय घर घेऊ नये.

मामा : ठीक. आता बुधवारचं बोलू. तुझा नेमका हट्ट काय?

भाची : पैसे आणि किल्ली एकाच दिवशी. अमेरिकेत आपल्या मावसभावानं घर घेतलं तेव्हा त्यानं सांगितलं होतं. पैसे विकणाऱ्याच्या हातात जातच नाहीत, एका तिसऱ्याकडं एस्क्रो खात्यात राहतात. आदल्या दिवशी घेणारा रिकाम्या घरातून फिरून येते, नळ सोडून पाहते, दिवे लावून पाहते. मग सह्या. सगळं जुळलं की तो तिसरा माणूस इकडचे पैसे तिकडं देते. आपल्याकडं असा तिसरा कुठं आहे?

मामा : जुन्या घरासाठी नाही. नव्या प्रकल्पात रेरानं बिल्डरला घेणाऱ्यांच्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावले, ते त्याच जातीचं. पण दोन माणसांमधल्या व्यवहारात तो तिसरा दस्तातच लिहून उभा करावा लागते. आणि त्यासाठी साठेखत आहे. तू रजिस्ट्री पुढं ढकल म्हणते. नुसती ढकललीस तर तो एप्रिलपर्यंत दुसऱ्याला विकू शकते, त्याच्यावर कुणाची जप्ती येऊ शकते, तुझ्या कर्जमंजुरीची मुदत संपू शकते. कब्जाच्या नादात घरच जाईल. म्हणून बुधवारी साठेखत नोंदवून घे. नोंदणी झाली की जगाला सूचना झाली. मागून कुणी घेतलं तर मला माहीत नव्हतं असं तो म्हणू शकत नाही. साठेखतावर भरलेला मुद्रांक खरेदीखताच्या वेळी वळता होते, वाया जात नाही. घर एकट्या बाईच्या नावे होणार आहे, म्हणून एक टक्क्याची सवलत आहे, ती तेवढी मांडणीत धर. नोंदणी शुल्क एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार.

भाची : आणि त्यात काय लिहायचं?

मामा : लिही. पहिलं, इसार धरून आज दिलेली रक्कम किती. दुसरं, भाडेकरू आहे हे उघड लिहायचं. त्याची आगाऊ रक्कम किती आणि ती परत करायची जबाबदारी विकणाऱ्याची. तिसरं, घर तीस एप्रिलपर्यंत पूर्ण रिकामं करून देणं. चौथं, खरेदीखत, उरलेली सगळी रक्कम आणि कब्जा एकाच दिवशी, जागेवर पंचनामा करून, पाण्याच्या, विजेच्या, नगर परिषदेच्या थकबाकीशिवाय. पाचवं, मुदतीत नाही झालं तर रक्कम व्याजासह परत, किंवा तुझ्या मर्जीनं मुदतवाढ. मर्जी तुझी, त्याची नाही.

भाची : आणि ते वाक्य?

मामा : कब्जा आज दिला, ते? ते खोडतो. त्याच्या जागी लिहितो : कब्जा आज दिलेला नाही. वाटलं तर मोठ्या अक्षरात लिहितो.

भाची : एप्रिलच्या खरेदीखतात?

मामा : तेव्हा तू आधी घरात जाशील. सगळ्या खोल्या उघडून पाहशील. कुलूप तुझं लावशील. मग कार्यालयात येशील, आणि मग ते वाक्य राहू देशील. नंतर फेरफाराच्या मागं लाग. दस्त झाला की सूचना ऑनलाइन जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, पण नाव चढलं का ते जाऊन पाहावंच लागते. मिळकत पत्रिका, नगर परिषदेचा कर, महावितरण, तीन ठिकाणी.

भाची : म्हणजे माझं म्हणणं मानलं तुम्ही.

मामा : अर्धं. तू म्हणत होतीस कब्जा आधी. मी म्हणून राहिलो एकाच दिवशी, आणि त्याच्याही आधी नोंदवलेलं साठेखत. कागदाशिवाय मी तुला एक रुपया देऊ देणार नाही.

भाची : पण तो ऐकणार नाही, मामाजी. त्याला सगळी रक्कम याच बुधवारी पाहिजे. दोनदा सांगून गेला.

मामा : त्याचाच विचार करून राहिलो. भाडेकरूला एप्रिलपर्यंत वेळ आहे, परीक्षा आहेत, सगळं समजते. मग पैशांचीच एवढी घाई काहून? बँकेच्या वकिलाचा सर्च दोन महिन्यांपूर्वीचा आहे. मधल्या काळात कुठल्या पतसंस्थेचा बोजा चढला का, कुणाला आणखी साठेखत लिहून दिलं का, ते मी उद्या सकाळी सूची काढून पाहतो. तू तोवर काय करशील?

भाची : भाडेकरूकडं जाते. संध्याकाळी, तो कामावरून आल्यावर.

मामा : आगाऊ दिल्याची पावती असेल तर पाहायला माग. आणि त्याला विचार, घर विकलं जाऊन राहिलं हे त्याला कोणी सांगितलं आहे का.

भाची : मला वाटते, नसेल सांगितलं.

मामा : तर मग आधी तेच सांग.